तेरावं पेर

१

दर दुसऱ्या रविवारी हिलाल धरणगावहून धुळ्याला जायचा आणि जाताना बापाचं एक उपरणं न विचारता उचलायचा. विचारलं असतं तर बापाने दिलंही असतं, पण सोबत अर्धा तास अक्कल दिली असती. आणि तोताराम दलालाची अक्कल घेण्यापेक्षा चोरी परवडली, असं हिलालचं मत होतं.

तोताराम बैलबाजारात दलाल. चाळीस वर्षं उपरण्याखाली हात घालून त्याने बैल इकडचे तिकडे केले. तोंडाने चारचौघांत खोटं बोलायचं आणि कापडाखाली बोटांनी खरं सांगायचं, हा त्या धंद्याचा धर्म. हिलाल आणि त्याचा शाळासोबती रुपचंद बापाच्या मागे उभे राहून हे बघत वाढले, आणि चौदाव्या वर्षी त्यांनी त्या कापडाखालून एक आख्खी भाषा काढली.

बोटाला पेरं तीन. अंगठा सोडला तर बोटं चार. म्हणून अक्षरं बारा. ज्याला नवा धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, सुचला तो देणारा. दोघांनी समोरासमोर मांडी घालून बसायचं, मधे उपरणं टाकायचं. देणाऱ्याने कापडाखाली घेणाऱ्याचा अंगठा धरायचा आणि आपल्या बोटांच्या दोन पेरांवर टेकवायचा. दोन पेरं, दोन व्यंजनं. स्वर मात्र देणाऱ्याचा नाही. घेणाऱ्याच्या तोंडातून पहिल्या झटक्यात जो निघेल तो. म्हणजे धातू कधी एकट्याचा नसायचा. मूल व्हायला लागतात तशी त्याला दोन माणसं लागायची.

मग वहीत नोंद. रकाने पाच : धातू, अर्थ, उगम, देणारा, घेणारा.

उगमाचा रकाना हिलालचा जीव होता. ‘लुव’ : कुरवाळणे. उगम, बैल धुताना ओला तळवा पाठीवरून सरकतो तो आवाज, पोळ्याचा आदला दिवस, १९४९. देणारा हिलाल, घेणारा रुपचंद. ‘लुव’पासून ‘लुवेर’, म्हणजे ज्याच्या पाठीवर हात ठेवता येतो तो, दोस्त. ‘गित’ : आतून बंद करणे. उगम, रुपचंदच्या आजीच्या दाराची साखळी. त्यापासून ‘गितम’, खोली. सात वर्षांत दोनशे अकरा धातू, आणि एकेकाची जन्मवेळ पक्की.

२

हे वेड का, ते सांगायला हवं.

हिलाल इंटरपर्यंत कॉलेजात होता. मराठीच्या तासाला एकदा त्याच्या तोंडून ‘मुलगा’च्या जागी घरचा ‘आंडोर’ निसटला. प्राध्यापक हसले, ते हसले म्हणून वर्ग हसला. प्राध्यापक म्हणाले, “या बोलींना मूळ नसतं. नुसतं तण असतं.” हिलाल उभा राहिला. “तणाला मूळ नसतं असं ज्याला वाटतं, त्यानं जन्मात निंदणी केलेली नसते,” तो म्हणाला. प्राध्यापकांनी माफी मागायला सांगितली. हिलालने वह्या उचलल्या आणि घरी आला, तो परत गेलाच नाही.

घरी बापाने वेगळ्या शब्दांत तेच सुनावलं. “मानसे बोलतस ती भाषा तुले पुरत नही का रे?”

शिकलेला म्हातारा असो की अडाणी, दोघांचा एकच हट्ट : तुझं जे काही आहे ते आमच्याकडून आलंय, आणि आलं नसेल तर ते नाहीच. म्हणून हिलालला अशी एक गोष्ट जगात हवी होती, जिच्या आधी कुणी म्हातारा बसलेला नाही. तशी एक होती. दोनशे अकरा धातू.

रुपचंद मात्र शहाणा निघाला. मॅट्रिकनंतर धुळ्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटला, सहाव्या गल्लीत जब्बारचाचा बाइंडरच्या दुकानावरची खोली घेतली, आणि महिन्याभरात बोलीतला ‘शे’ टाकून ‘आहे’ म्हणायला लागला. हिलालला ते झोंबलं, पण त्याने गिळलं. कारण पंधरा दिवसांनी जिना चढून गेलं की रुपचंद दार आतून लावायचा, आणि खाली चाचाची हातोडी ठकठक चालू असताना वर दोघंच असायचे, दुसरं कुणी नसायचं.

वही आलटून पालटून पंधरा दिवस एकेकाकडे राहायची.

३

छप्पन्न सालचा चैत्र. उन्हाने सहावी गल्ली ओस पडलेली. खोलीची खिडकी बंद, फळीच्या फटीतून उजेडाची एक रेघ. खालून चाचाच्या खळीचा आंबूस वास, त्यात कसर लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाची कडवट झाक. हिलाल नेहमीसारखा खिडकीकडच्या बस्करावर टेकायला वाकला.

“तिथे नको,” रुपचंद म्हणाला. “इकडे बस.”

“का? तिथे तुझा साहेब बसनार शे?”

रुपचंदने आपल्या शेजारची जागा हाताने झटकली. हिलाल दाराकडे बसला. सात वर्षांत पहिल्यांदा तो रुपचंदच्या शेजारी बसला होता, समोर नाही. समोरचं बस्कर मधोमध दबलेलं होतं.

वही उघडली. दोनशे बारावा धातू. ‘नू’, आणि त्यापुढे नुसता एक उभा दांडा. अर्थ : आधीपासून येऊन बसलेलं असणे. उगम : रिकामा. देणारा : रिकामा. घेणारा : रुपचंद.

“ही काठी कसली?”

“अक्षर आहे.”

“बारा पेरं, बारा अक्षरं. तेरावं कोणाच्या बोटातून काढलंस?”

रुपचंदने तो धातू उच्चारून दाखवला. ‘नू’ झालं, आणि मग जीभ कुठेही न टेकता, घशात कुणीतरी एक पाऊल मागे सरकल्यासारखा एक आवाज. बाहेर उभं असताना आतून कडी लागावी आणि आपण बाहेर राहिलो हे कळावं, तसं हिलालला वाटलं.

पहिल्यांदा जे वाटलं ते भय नव्हतं. शब्द चांगला होता, हे वाटलं. इतका चांगला की त्याच्यापुढे ‘लुव’ म्हणजे पोरखेळ. आपल्याला सात वर्षांत असा एकही सुचला नाही.

“कोणी दिला?”

“कोणी नाही.”

रुपचंद खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. या वेळी कान लाल झाले नाहीत. तो नव्या नवऱ्यासारखा खाली बघून, ओठ मिटून बसला होता.

“बाई शे का?”

“हॅट्.”

“मग कचेरीतला कोणी? तू आपलं कापड कचेरीतल्या माणसापुढे टाकलंस?”

“हिलाल, कोणी नाही म्हणालो ना.”

त्या दिवशी हिलालने तीन धातू द्यायला आणले होते. त्याने एकही दिला नाही. वही न्यायची त्याची पाळी होती, तीही त्याने तिथेच टाकली.

४

पंधरा दिवस त्याने घरात काढले ते माजघराच्या भिंतीकडे बघत. शंका पोटात शिरली की ती भाकरीच्या आधी जेवते. रुपचंदने स्वतःच बनवला असेल? पण रुपचंदला कधी काही सुचलं नव्हतं. तो घेणारा होता, म्हणूनच तर हवा होता. मग दुसरा कोण? कसा दिसतो? आपल्यापेक्षा शिकलेला असेल का?

तोताराम ओसरीवरून ओरडायचा, “आखाजी झाली का बाजारमा बठनं पडी, सांगी ठेवस! बठ्ठा गाव मले इचारस, आंडोर काय करस म्हनीसन!” हिलाल माजघराचं दार लोटून घ्यायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, महिना उरला नव्हता.

पुढच्या रविवारी तो आधी दुकानात थांबला. जब्बारचाचा मांडीवर एक जाड खतावणी घेऊन शिवत होता.

“चाचा, रुपचंदकडे कोण येतं?”

“तुम्हीच येता,” चाचा म्हणाला. “परवा बुधवारी पण आलते ना? दुपारी?”

“मी धरणगावला होतो.”

चाचाची सुई थांबली. “मजाक करता? आता कचेरी सकाळची, साडेबाराला रुपचंदभाई घरी येतात. मी दुपारच्या, जोहरच्या नमाजला उठतो, हातोडी बंद. तेव्हा ऐकू येतं वरचं. एक लफ्ज बोलतात, मग गप. परत एक लफ्ज, परत गप.”

“एकटाच बोलत असेल.”

“एकटा माणूस असा नाही बोलत, बेटा. मी बायको गेल्यापासून एकटा बोलतो, मला माहीत आहे.” त्याने दोरा दातांनी तोडला. “ते जवाब दिल्यासारखं बोलतात. आणि जिना तर माझ्या दुकानातूनच जातो. चढताना मी कोणाला बघितलं नाही. म्हटलं, मी सजद्यात डोकं टेकून असताना हिलालभाई गेले असतील.”

हिलाल जिना चढला. मनात चाललेलं होतं ते एवढंच : बुधवार. त्यांचा वार बुधवार आहे.

५

वहीत एकोणीस नवे धातू होते. प्रत्येकात कुठेतरी तो उभा दांडा. प्रत्येकाचा देणारा रिकामा.

हिलालने पानं मागे उलटली. जुन्या नोंदींच्या उगमावर रेघा मारलेल्या होत्या. पोळ्याच्या आदल्या दिवसावर रेघ. आजीच्या साखळीवर रेघ. शेजारी रुपचंदच्या गोल, कारकुनी अक्षरात नवा उगम :

लुव, ‘नू’ आणि दांडा यांपासून. आधीपासून बसलेल्याचा हात फिरणे.

गित, त्यापासूनच. आधीपासून बसलेल्याने आतून लावून घेणे.

लुवेर, त्यापासूनच. ज्याच्या पाठीवर हात आधीपासून आहे तो.

“हा माझा शे!” हिलाल ओरडला. “लुव माझा! मी तो बैल धुतला, माझा हात होता! तुझ्यासमोर दिला तुला, विसरलास?”

“विसरलो नाही,” रुपचंद हळू म्हणाला. “पण तुला तो कुठून आला, हे तुला तरी कुठे माहीत होतं? मला जसं दिलं तसं मी लिहिलं.”

“कोणी दिलं? नाव सांग!”

“नाव नाही.” मग त्याने मान वर केली, आणि हिलालला दिसलं की तो वाळला आहे. गालाची हाडं वर आली होती. “तू पंधरा दिवसांनी येतोस. वही तपासतोस मास्तरासारखा, चुका काढतोस, जातोस. मधले चौदा दिवस ही खोली मला खायला उठायची. एक दिवस मी उगाच उपरणं टाकलं, हात घातला. तुझी आठवण आली म्हणून. बस, एवढंच.”

“मग?”

“मग घेतला.”

हिलालला ऐकू आलं ते सगळं नाही. ‘मास्तरासारखा’ तेवढं ऐकू आलं. त्याने वही तिथेच आपटली आणि जिना उतरला. त्याला वाटलं, रुपचंद मागून हाक मारेल. वरून दार आतून लावल्याचा आवाज तेवढा आला.

६

आखाजीच्या आधीचा बुधवार. हिलालने एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी सकाळची एस.टी. पकडली. त्या माणसाला काय म्हणायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं. मारामारीचीही तयारी होती.

सव्वा वाजला. समोरच्या ओट्याच्या सावलीत उभा राहून त्याने चाचाची हातोडी ऐकली. ती थांबली. चाचा आतल्या बाजूला चटई घालून उभा राहिला. हिलाल चपला हातात घेऊन जिना चढला.

वरून रुपचंदचा आवाज आला. एक शब्द. मग गप्प. पुन्हा एक शब्द.

दार नुसतं लोटलेलं होतं. हिलालने ते बोटभर ढकललं.

रुपचंद दाराकडे पाठ न करता, थोडा तिरका बसला होता. पुढे उपरणं पसरलेलं. त्याचा उजवा हात त्याखाली. समोर खिडकीकडचं बस्कर, आणि बस्करावर कुणी नव्हतं. हिलालने आवाज न करता आत पाऊल टाकून नीट पाहिलं. कपाटामागे पाहिलं, खाटेखाली पाहिलं. खोली ती केवढी; माणूस लपायला जागा नव्हती. फटीतल्या उजेडाची रेघ बस्करावरून आरपार गेली होती, कुठे तुटली नव्हती.

पण उपरणं मधोमध उचललेलं होतं. एका हाताने उचललं जाईल त्यापेक्षा जास्त.

हिलालची बुद्धी पटकन पुढे आली. मूठ वळली असेल. कोपर वर धरलं असेल. तेवढ्यात त्याची नजर रुपचंदच्या तोंडाकडे गेली आणि बुद्धी मागे हटली. ते तोंड त्याच्या ओळखीचं होतं. चौदाव्या वर्षी बैलबाजारात, पहिला धातू घेताना, रुपचंदचं तोंड तसं झालं होतं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ विलग, पुढचं काय येतंय याची वाट बघणारं. ते फक्त हिलालला दाखवलेलं तोंड होतं.

भीती असेल तर ती तिथेच जळून गेली.

“सरक,” तो म्हणाला.

रुपचंद दचकला. हात त्याने काढला नाही. “हिलाल, नको. जा तू.”

“सरक म्हणतो ना.”

“त्याला फक्त घेणारा लागतो. कोणीही चालतो. तू घेतलास तर मी...” तो थांबला. त्याच्या डोळ्यांत सुटकाही होती आणि आगही होती, आणि त्यातलं जास्त काय ते हिलालला ठरवता आलं नाही.

हिलालने त्याला खांद्याला धरून बाजूला ढकललं आणि त्याच्या जागी मांडी घातली.

७

हात आत घातला. कापड, फरशी, दुसरं काही नाही. बघ, तो मनाशी म्हणाला. उकाडा, उपाशी पोट, आणि दोन मूर्ख पोरं.

मग कुणीतरी त्याचा अंगठा धरला.

हात गार असेल असं त्याला वाटलं होतं. नव्हता. हिलालच्याच अंगाइतका कोमट होता, आणि घाईत नव्हता. बाजारातला मुरलेला दलाल नवख्याला धरतो तसा त्याने अंगठा धरला आणि आपल्या बोटांवरून फिरवला, आधी ओळख करून दिल्यासारखा. पहिलं बोट : एक, दोन, तीन. मधलं : एक, दोन, तीन. त्यापुढचं : एक, दोन, तीन. करंगळी : एक, दोन, तीन.

अंगठा थांबायला हवा होता. बोट तिथे संपायला हवं होतं.

अजून एक पेर होतं. त्यावर अंगठा क्षणभर टेकला, आणि हिलालच्या घशात काहीतरी एक पाऊल मागे सरकलं. पण त्या पेरानंतरही बोट संपलेलं नव्हतं. ते तसंच पुढे चाललेलं होतं, आणि त्याचा अंगठा त्यावरून पुढे नेला जात होता, उपरण्याच्या काठाकडे, जिथे कापड जमिनीवर सपाट पडलेलं हिलालला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं.

त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. स्वर आपोआप निघाला.

भानावर आला तेव्हा खाली हातोडी सुरू झाली होती. खिडकी उघडी होती, खोलीत ऊन मावत नव्हतं. रुपचंद ताटलीत चुरमुरे घेऊन खात उभा होता.

“तू कधी आलास रे?” तो म्हणाला. “आणि ही वही घेऊन जा बाबा तुझी. मला यातल्या कशाचाच अर्थ लागत नाही.”

त्याने ते इतक्या सहज म्हटलं की हिलालला क्षणभर रडू येईलसं वाटलं. मग ते गेलं. वही त्याने काखेत घातली. आता वाटेकरी नव्हता.

८

आखाजीच्या दिवशी गावात निंबांना झोके बांधलेले, सासरी नांदणाऱ्या पोरी माहेरी आलेल्या, गाण्यांनी गल्ल्या भरलेल्या. हिलाल माजघरात बसून होता. दार लोटलेलं, उपरणं अंथरलेलं. तीन दिवसांत अठ्ठावन्न धातू.

माय, बेबाबाई, दाराशी आली. पुरणाचा हात तसाच. “कोनासंगे बोली र्‍हायना रे भाऊ?”

“कोनी नही.”

तिने त्याच्या समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग गेली आणि तिने नवऱ्याला काहीतरी सांगितलं असावं, कारण पाठोपाठ तोताराम दार ढकलून आत शिरला. जेवून तट्ट झालेला, पान तोंडात. पोरगा भ्रमिष्ट झाला तर त्याला धंद्याला लावावं, हा म्हाताऱ्यांकडचा एकच उपाय.

“आखाजी झाली,” तो म्हणाला. “उद्या बाजार. दाखाड, तुले काय येस ते.” आणि हिलालसमोर धप्पकन बसून त्याने उपरण्याखाली हात घातला. “दे हात.”

“उठ, आबा.”

“दे म्हनस ना! चाळीस वर्सं हात वळखेल शे मी. मानूस नही वळखत, हात वळखस. दे.”

हिलालने हात दिला नाही. दोन्ही हात त्याने स्वतःच्या गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले.

तोताराम हसत होता. हसता हसता त्याची मान थोडी वाकडी झाली, बोटांवर भाव मोजताना व्हायची तशी. ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. पानाचा रस हनुवटीवर आला, तो त्याने पुसला नाही. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

मग ओठ थांबले नाहीत.

त्याची नजर हिलालच्या गुडघ्यांवर गेली. तिथे दोन हात होते. दोन्ही त्याने पाहिले.

“हिलाल,” तो अगदी हळू म्हणाला, “हाऊ कोना हात शे?”

हिलालच्या छातीत जे उसळलं ते बापाच्या काळजीचं नव्हतं. कापडाखालच्याने हात दिला. त्याने याला दिला. ज्याला ‘लुव’ म्हणता येत नाही, ज्याने सात वर्षांत एकदा वही उघडून बघितली नाही, त्या म्हाताऱ्याला.

“मना शे,” माझाच आहे, असं तो दातओठ खाऊन म्हणाला. “सोड, आबा. मना शे तो.”

“मी नही धरेल,” तोताराम म्हणाला. त्याने धरलेलं नव्हतं; त्याचाच अंगठा धरला गेला होता.

बाहेर झोक्यावर पोरी गात होत्या. आणि चाळीस वर्षं कापडाखाली खरं आणि तोंडाने खोटं बोललेल्या बापाचं तोंड हिलालच्या डोळ्यांदेखत हळूहळू उघडलं, डोळे अर्धे मिटले, आणि पहिल्या झटक्यात त्यातून स्वर निघाला.